पहिला बेडूक कुणी ऐकला? (सोलापूर आणि आसपास)

मुरूमखडी – २९ मे, रात्री ९:५०

रोहिणी लागून चार दिवस झाले. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही, कूलरची टाकी संध्याकाळपर्यंत कोरडी होते. आणि मी रोज जेवण झालं की गॅलरीचं दार उघडून कान देऊन उभा. बायकोने विचारलं, कुणाची वाट बघताय? बेडकाची, म्हटलं. तिने दार लावून घेतलं, डास येतात म्हणून.

कारण सांगतो. आमच्या वडिलांना कॅलेंडरवर लिहायची सवय. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि जूनच्या एखाद्या चौकोनात नुसतं 'बे.' (सोलापुरात 'बे' म्हटलं की दुसराच अर्थ निघतो, तो भाग वेगळा.) त्या रात्री घरामागच्या रिकाम्या प्लॉटात पहिला बेडूक ओरडलेला असायचा. जुळे सोलापुरात आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला निम्मे प्लॉट रिकामेच होते. पावसाचं पाणी साचायचं, आणि रात्री एवढा गलका की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा.

यंदा तो मागचा प्लॉटही गेला. एप्रिलमध्ये अर्ध्या भागात मुरूम टाकून लेव्हल केली, उरलेल्या अर्ध्यात पायासाठी खोल खड्डा काढला. वडील आता अठ्ठ्याहत्तरचे. कानाला मशीन आहे, पण ते बहुतेक वेळ टेबलावरच असतं.

तर प्रश्न दोन. तुमच्याकडे कुणी ऐकला का? आणि 'पहिला' म्हणजे नेमका कुठला धरायचा?

शेंगाचटणी – २९ मे, रात्री १०:०४

का बे, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय आणि तू बेडूक शोधायला निघालास? त्यालाही टँकर लावायला सांग.

तलावकाठ – ३० मे, सकाळी ६:४०

मी काल संध्याकाळीच ऐकला. कंबर तलावाच्या काठावर, जलपर्णीच्या कडेला. एक नव्हे, सात-आठ तरी असतील.

पण थांबा, कॅलेंडरवर लिहू नका. हा धरायचा नाही. चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जातो, तसा हा बेडूक माणसाची चाहूल लागली की पाण्याच्या पृष्ठभागावरूनच टणाटण उड्या मारत पळतो. शास्त्रीय नाव युफ्लिक्टिस. बारमाही पाणी असेल तिथे हा जवळपास बारा महिने ओरडतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतही मी सिद्धेश्वर तलावाकाठी त्याला ऐकलंय. त्याला पावसाची वाट बघायची गरजच नसते, पाणी त्याच्या पोटाखालीच असतं.

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे सवयीने सांगतो: आवाज मोजण्याआधी तो कुणाचा ते ओळखा. मे महिन्यात रात्री माळावर 'चक् चक् चक्' करत शेवटी घरंगळत जातो तो रातवा, म्हणजे पक्षी. जमिनीतून अखंड किर्रर्र येतं ते किड्यांचं. दोन्हींना लोक बेडूक म्हणून मोकळे होतात.

मंद्रूपचा – ३० मे, दुपारी १:१५

सर म्हणतेत ते खरंय. आमच्या विहिरीत बी तसलं एक हाय, उन्हाळाभर बोलतंय. त्याला कोण पहिला म्हनंल?

खरा बेडूक जमिनीतनं येतो. मागल्या साली बांधाकडंची काळी नांगरताना तासात एक निघाला, हातभर खोल. ढेकूळच वाटलं. उचलल्यावर गार लागलं म्हून कळलं. गोल, मऊ, डोळं मिटलेलं. पोरानं डिवचलं तर टम्म फुगला. परत मातीत ठेवला तर मागच्या पायांनी उकरत उलटा उलटा खाली गेला. तोंड शेवटपर्यंत वर. दोन मिनिटांत कायबी दिसंना.

तलावकाठ – ३० मे, दुपारी ४:३०

उत्तम निरीक्षण. अशा बेडकांच्या मागच्या तळपायाला एक कठीण उंचवटा असतो, खुरप्याच्या पात्यासारखा. म्हणून ते उलटे जातात. आपल्या भागात बिळात राहणारे दोन-तीन प्रकार आहेत. सात-आठ महिने खाणं नाही, पिणं नाही. तसंही बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही, कातडीतून शोषतो. ओलसर मातीत बसला की त्याचं भागतं.

लाईन्समधली – ३१ मे, सकाळी ७:१०

मी मूळची रेल्वे लाईन्सची, आता बारा वर्षं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये. हा धागा वाचून हसू आलं, कारण माझा पहिला बेडूक यंदाही मार्चमध्येच झाला.

इथे बेडूक पावसाची नाही, बर्फ वितळायची वाट बघतात. मार्चच्या शेवटी एखादी रात्र जरा उबदार आणि ओली निघते, झाडाखाली अजून बर्फाचे ढीग असतात, आणि जंगलातल्या डबक्यातून बदकं बोलावीत तसा आवाज येतो. ती बदकं नसतात, तो वुड फ्रॉग. हा हिवाळाभर पालापाचोळ्याखाली अक्षरशः गोठलेला असतो. हृदय बंद, श्वास बंद, अंगातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ. यकृतातून साखर रक्तात उतरते आणि पेशी वाचवते. वसंतात वितळतो आणि दिवसाभरात लग्नाला तयार. मागोमाग स्प्रिंग पीपर. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, पण आवाज असा की शेकड्यांनी ओरडायला लागले तर कानात घुंगरं वाजतात.

गंमत म्हणजे डबकं तेच. इथलं बर्फाच्या पाण्याचं, उन्हाळ्यात आटणारं. आपलं पावसाचं, पावसाळ्यानंतर आटणारं. आटतं म्हणून मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणून अंडी वाचतात. बारमाही तलावापेक्षा हे चार महिन्यांचं पाणीच बहुतेकांना हवं असतं.

मुरूमखडी दादा, 'पहिला' कुठला याचं इथे लोकांनी एक साधं शिस्तीचं काम करून ठेवलंय. सूर्यास्तानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. पाण्यापाशी जाऊन दोन मिनिटं नुसतं गप्प उभं राहायचं, कारण आपल्या पावलांनी ते गप्प झालेले असतात. मग तीन मिनिटं ऐकायचं. काही नाही तर शून्य. एकेक वेगळा मोजता आला तर एक. आवाज एकमेकांवर चढायला लागले तर दोन. अखंड गजर झाला तर तीन. शून्यही लिहायचं. तेच महत्त्वाचं.

शेंगाचटणी – ३१ मे, सकाळी ९:२२

ताई, जुळे सोलापुरात रात्री साडेसातला दोन मिनिटं गप्प उभं राहिलो तर लोक पत्ता विचारतील नाहीतर चोर समजतील.

पूर्वभाग – ३१ मे, रात्री ११:३०

आमच्या गल्लीत शांतता हा प्रकारच नाही. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, खटखट खटखट. लहानपणी आम्हाला बेडूक ऐकू यायचे ते फक्त लाइट गेल्यावर. सगळे माग एकदम बंद. कान दोन-तीन सेकंद सुन्न. आणि मग नाल्याच्या बाजूने 'डराँव' सुरू. जणू ते आधीपासूनच ओरडत होते आणि आम्हालाच आता परवानगी मिळाली. आजी म्हणायची, कप्पा आली, पाऊस आला. तेलुगूत कप्पा. शेजारच्या कानडी काकू कप्पे म्हणायच्या. मराठी शाळेत गेल्यावर बेडूक कळला, तोवर मला वाटायचं हे दोन वेगळे प्राणी आहेत.

मी पण लिहीन शून्य. लाइट गेली की.

मंद्रूपचा – १ जून, सकाळी ६:०५

पंचांगात बघा की, नक्षत्राचं वाहन काय हाय. बेडूक असंल तर पानी भरपूर. म्हस, हत्ती बी चांगलं. कोल्हा, मेंढा आलं की मान खाली.

तलावकाठ – १ जून, सकाळी ११:००

दाते पंचांग आपल्याच गावचं, तेव्हा त्यावर मी सोलापुरात राहून काही बोलणार नाही! एवढंच सांगतो, बेडूक उद्याचं सांगत नाही. हवेत ओल वाढली, जमिनीला थाप बसली, की तो आज काय आहे ते सांगतो. अमेरिकेतल्या वाळवंटात बिळात राहणाऱ्या बेडकांवर प्रयोग झाले होते. जमिनीवर मोटरचं कंपन दिलं तर पाऊस नसतानाही ते वर आले. म्हणजे ओल लागायच्या आधी पावसाची थापच त्यांना उठवते.

आणि ओरडतात ते फक्त नर. तोंड बंद, नाकपुड्या बंद, तीच हवा फुफ्फुसातून गळ्याच्या पिशवीत आणि परत. म्हणून पाण्यात अर्धा बुडूनही आवाज थांबत नाही. मादी गप्प बसून ऐकते आणि निवडते.

जाता जाता: ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वं सूक्त बेडकांचंच आहे, मंडूकसूक्त. वर्षभर व्रत धरून मौन बसलेले ब्राह्मण पावसाने बोलते होतात, तसे बेडूक, अशी उपमा. एकाचं ऐकून दुसरा बोलतो, गुरूमागे शिष्य म्हणावा तसा. कुणी थट्टा म्हणतात, कुणी पर्जन्याची प्रार्थना. मला वाटतं लिहिणारा एखाद्या डबक्यापाशी बराच वेळ बसला असणार.

शेंगाचटणी – १ जून, सकाळी ११:१०

सर, वर्गात असं शिकवलं असतं तर मी पास झालो असतो.

अक्कलकोटरोड – ३ जून, रात्री ८:५५

आला! वळीव! साडेसहाला आभाळ भरलं, आधी धूळ, मग गारा, मग वीस मिनिटं धो धो. आता कारखान्याच्या कंपाउंडबाहेरच्या गटारात एकाचा लांबलचक कुर्रर्रर्र चालू आहे. शिलाई मशीन पायाने चालवावी तसा. मध्येच थांबतो, परत सुरू. हा पहिला लिहू का?

तलावकाठ – ३ जून, रात्री ९:२०

भेक आहे तो. खरबरीत अंगाचा, डोळ्यामागे दोन फुगीर गाठी. उन्हाळ्यात रस्त्याच्या दिव्याखाली किडे खायला येतो तोच. गाठीतला पांढरा चीक विषारी असतो, कुत्र्याने तोंड घातलं तर फेस गाळत पळतं. आवाज ओळखलात बरोबर. माझ्या मते हा पहिला धरावा.

मंद्रूपचा – ३ जून, रात्री ९:४१

नाय सर. वळवाचा कसला धरायचा? वळीव उद्या उडून जातो. भेक गटारात बसून बोलंल नायतर बाथरूमात. वडिलांनी लिवला असंल तो मिरगाचा, मोठा. ज्याच्या आवाजानं ढोरं कान टवकारतेत.

मुरूमखडी – ३ जून, रात्री १०:१५

दादा म्हणतात तेच असावं. आमच्याकडे शिंतोडेच आले, माती भिजली आणि वास सुटला तेवढाच. खड्ड्यापाशी जाऊन ताईंच्या पद्धतीने उभा राहिलो. शून्य. वॉचमनने विचारलं काय हरवलं का.

जुनीमिल – ४ जून, दुपारी १२:३०

मोठ्या बेडकाबद्दल एक कडवट आठवण. माझ्या लहानपणी पावसाळ्यात रात्री पेट्रोमॅक्स आणि गोण्या घेऊन माणसं निघायची, बेडूक पकडायला. तंगड्या परदेशात जात. आम्हाला वाटायचं गंमत आहे. १९८७ मध्ये सरकारने निर्यातीवर बंदी घातली. तोवर ओढ्याचे ओढे गप्प झाले होते. किती आले परत, ते तुम्ही लोक शून्य-एक-दोन लिहून ठरवा.

लाईन्समधली – ५ जून, सकाळी ६:५०

त्या मोठ्याचा नर या दिवसांत पिवळाजर्द होतो आणि गळ्याच्या दोन पिशव्या निळ्या. २०२० च्या जुलैत मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरचा व्हिडिओ फिरला होता, पाण्यात हळदीचे गोळे उड्या मारतायत असा. इथल्या मैत्रिणींना दाखवला तर रंग भरलाय म्हणाल्या. मी छाती फुगवून सांगितलं, आमच्या गावाकडे असतात. खरं सांगायचं तर मी स्वतः एकदाच पाहिलाय, होटगी तलावाच्या बाजूला, बाबांच्या स्कूटरवर मागे बसून.

मुरूमखडी – ८ जून, रात्री ९:०५

मृग लागला. शून्य. ढग येतात, तोंड दाखवून जातात.

पूर्वभाग – ९ जून, रात्री १०:४८

लाइट गेली होती दहा मिनिटं. शून्य. पण शेजारच्या गल्लीत कुणाचा तरी रेडिओ लागला होता ते पहिल्यांदाच ऐकू आलं.

शेंगाचटणी – १० जून, सकाळी ८:००

धोंडी काढा आता. लिंबाचा पाला मी देतो, पोरगं मुरूमखडीचं. फक्त त्यात बेडूक बांधायचा असतो, आणि बेडूकच नाही!

मंद्रूपचा – १० जून, सकाळी ८:३०

आमच्याकडं लहानपनी मुसळाला बांधायचे. बिचारा दारोदार. प्रत्येक घरी तांब्याभर पानी पडायचं त्याच्यावर, तेवढंच सुख. आता नगं ते.

अक्कलकोटरोड – ११ जून, रात्री ७:४०

पडतोय पडतोय पडतोय

मंद्रूपचा – ११ जून, रात्री ९:५८

दीड तास चांगला झाला. शेततळ्यात वीतभर पानी. बॅटरी घेऊन गेलो हुतो. अजून गप हायत, पन बांधावर दोन दिसले. मातीनं भरलेले, डोळंच तेवढं चमकत हुतं.

मुरूमखडी – ११ जून, रात्री ११:३५

सविस्तर लिहितो, झोप येणार नाही.

पाऊस नऊला उतरला. मागच्या खड्ड्यात गुडघाभर पिवळट पाणी, त्यातून सळया वर आलेल्या. वॉचमन आता ओळखीचा झालाय, त्याने स्टूल दिलं. वडिलांना हात धरून आणलं. मशीन कानात घालायला लावलं. दोन मिनिटं गप्प. मग पलीकडच्या कडेने आवाज सुरू झाला. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवलं की होतो तसा, कर्रक, कर्रक. टॉर्च मारली तर काहीच दिसेना, बंद केली की परत. शेवटी वॉचमनने बोट दाखवलं. फळीच्या तुकड्यावर एवढासा, दोन रुपयाच्या नाण्यावर बसेल असा, आणि त्याच्या गळ्याखाली त्याच्याएवढाच फुगा.

मी वडिलांना म्हटलं, ऐकलं? ते म्हणाले, कुठंय? काही नाही. मी म्हटलं अहो ओरडतोय की. त्यांनी मशीनची घुंडी फिरवली, शिट्टी वाजली, काढून खिशात टाकलं. म्हणाले, उद्या बघू, आज नाही.

मी परत आलो ते अंक एक लिहूनच. पण कॅलेंडरवर लिहायला हात धजेना.

तलावकाठ – १२ जून, सकाळी ६:१५

मायक्रोहायला. अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, आवाज फर्लांगभर. आणि वडिलांचं चुकलं नाही. वयानुसार आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येईनासं होतं. मलाही रातकिडे आता ऐकू येत नाहीत. बायको सांगते तेव्हा मान डोलावतो. मोठ्याचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, तो त्यांना येईल. मशीन नसलं तरी.

लाईन्समधली – १२ जून, सकाळी ७:३०

स्टूल देणाऱ्या वॉचमनकाकांना माझा नमस्कार सांगा.

अक्कलकोटरोड – १२ जून, सकाळी ९:४५

काल रात्री बोरामणीहून येताना रस्त्यावर शंभर तरी बेडूक. गाडी वीसच्या स्पीडने आणली, मागचे हॉर्न मारून मारून दमले. तरी सगळे चुकवता आले नाहीत. ते लिहायला नको होतं, पण लिहिलं.

मुरूमखडी – १३ जून, रात्री १०:५०

काल रात्री अजून एक जोरदार झाला, आज खड्डा कमरेएवढा भरलाय. पावणेनऊला वडील सोफ्यावर बसून बातम्या बघत होते. मशीन टेबलावर. एकदम रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि मान वर केली.

"आला."

मी काहीच बोललो नव्हतो. मागून डराँव, डराँव, मडक्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. ते उठले, भिंतीपर्यंत गेले, खिशातलं पेन काढलं आणि १३ च्या चौकोनात लिहिलं: बे.

मी म्हटलं, पण अकरालाच ओरडला होता. ते म्हणाले, तो तुझा.

आता अडचण ऐका. वॉचमन सांगतो, सोमवारी पंप लावून खड्डा उपसणार, कॉलमचं काम थांबलंय. आज पाहिलं तर कडेला पाण्यावर अंड्यांची पातळ साय पसरली आहे, प्रत्येकात काळा ठिपका. काय करावं? बादलीने कंबर तलावात नेऊन सोडू का?

तलावकाठ – १३ जून, रात्री ११:२०

तलावात नको. तिथे मासे आहेत, तासाभरात फस्त करतील. शिवाय एका पाण्यातलं दुसऱ्या पाण्यात नेताना रोगही जातो. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, पण पाय फुटून बाहेर पडायला तीन-चार आठवडे तरी हवेत. त्याच प्लॉटात मुरूम न टाकलेला कोपरा आहे का? उपसलेलं पाणी गटारात न सोडता तिकडे सोडा म्हणावं. खोल नको, फूटभर साचलं तरी पुरे. पाइपाच्या तोंडाला जाळी बांधायची, म्हणजे पंपात काही ओढलं जाणार नाही. अंडी आधी बादलीने हलवा, खड्ड्यातल्याच पाण्यासकट.

मंद्रूपचा – १४ जून, सकाळी ५:५०

पाण्यात बाभळीची एक फांदी टाका. सावली बी हुती अन् पोरं दगड बी मारत नाहीत.

मुरूमखडी – १४ जून, दुपारी २:१०

वॉचमनशी बोललो. मुकादमाला विचारून सांगतो म्हणाला. कोपरा आहे, पलीकडच्या भिंतीला लागून, दहा बाय बारा असेल. शेंगाचटणी, सकाळी सहाला दोन बादल्या घेऊन ये.

शेंगाचटणी – १४ जून, दुपारी २:१४

सहाला? बेडकासाठी?

शेंगाचटणी – १४ जून, दुपारी २:३१

तीन आहेत माझ्याकडे. झाकणाच्या.

पूर्वभाग – १४ जून, रात्री ९:०२

आत्ता साडेआठला लाइट गेली. माग थांबले. मी दारात उभा होतो, समोरच्या ओट्यावर दोघं गप्पा मारत होते त्यांना हात करून थांबवलं. नाल्याच्या बाजूने, लांबून.

एक.